खांबाखालचा माणूस

रहिमतपुरात धोंडिराम बनसोड्यांच्या घरातला बल्ब गेला, की स्टुलावर आक्काताई चढत आणि धोंडिराम स्टूल धरत. धोंडिराम तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते, हे लक्षात घेतलं तर हा प्रकार जरा चमत्कारिकच म्हणायचा. पण लग्नानंतरचा पहिला बल्ब गेला तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "खात्याचं काम घरी करायचं न्हाई, असा नियम हाय." आक्काताईंनी नियम मानला. स्टूल धरून धोंडिराम खालून जो आरडाओरडा करत, तो मात्र त्यांना सोसत नसे.

"डावा पाय आत घे! वायरीला हात लावू नगंस! हां, आता फिरीव. दमानं, दमानं!"

"आवं, नुसतं धरा की गप! बल्ब लावतीया, धरण बांधत न्हाई."

त्या दिवशी आक्काताई अशाच स्टुलावर होत्या आणि दारातून त्यांची लेक आम्रपाली पेढ्यांचा पुडा नाचवत आत आली. ती सांगलीला इंजिनिअरिंगला होती, सूर्य आणि वारा यांपासून वीज करण्याच्या शाखेला. पवनचक्क्यांच्या एका कंपनीनं तिला शिष्यवृत्ती दिली होती. शेवटच्या वर्षाची सगळी फी कंपनी भरणार, साताऱ्याच्या पठारावर सहा महिने ट्रेनिंग आणि मग तिथंच नोकरी.

"एकच अट हाय पप्पा. पहिल्या दिवशी पवनचक्कीच्या टॉवरवर चढून, आपल्या पायांनी खाली यायचं. मधेच कुणाला दोरीनं उतरवावं लागलं, तर शिष्यवृत्ती रद्द."

"केवढा हाय टॉवर?" धोंडिरामांनी विचारलं.

"पंचवीस मजली बिल्डिंग असती ना, तेवढा."

धोंडिरामांनी स्टूल सोडलं. आक्काताई वर ओरडल्या, म्हणून त्यांनी ते पुन्हा धरलं, पण आता स्टुलाला त्यांचा आधार होता की त्यांना स्टुलाचा, हे सांगणं अवघड होतं.

"कुपवाडला कर की नोकरी," ते म्हणाले. "एमआयडीसीत सोलरचं कारखानं हायती. गाडीवर जायाचं, गाडीवर यायाचं. सगळं कसं जमिनीवर."

"पप्पा, तुमी असं म्हणताय? तुमी?" आम्रपालीला हसू आलं. "अर्ज करताना मी काय सांगितलं म्हाईत हाय? माझे वडील भर वादळात खांबावर चढायचे. ते ऐकूनच मी या शाखेला आले. साहेब लय खूश झाले. पालकांना घेऊन या म्हणाले."

आता इथं खरं ते सांगितलंच पाहिजे. धोंडिराम तीस वर्षांत एकाही खांबावर चढले नव्हते. उंचीची त्यांना अशी भीती होती, की दुसऱ्या मजल्यावरच्या लग्नाला ते आहेर खालीच देऊन येत. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ते शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटून उभे राहिले होते, आणि जोडीदार दादासोनं त्यांना पोत्यासारखं उचलून खाली ठेवलं होतं. दादासो खांबावर वानरासारखा चढे. त्याची भीती वेगळी होती. समोर चार माणसं आली की त्याची बोबडी वळायची, आणि लाइट गेल्यावर खांबाखाली चारच माणसं कधी येत नाहीत, अख्खी गल्ली येते. मग दोघांनी वाटणी करून टाकली. वरचं दादासोनं बघायचं, खालचं धोंडिरामांनी. धोंडिराम शिडी धरत, चिडलेल्या लोकांना शांत करत आणि वर तोंड करून अखंड ओरडत. अंधारात वर कोण आहे हे कुणाला दिसत नसे, आवाज मात्र धोंडिरामांचाच ऐकू येई. त्यामुळे खांबावर धोंडिराम होते असंच गाव धरून चाललं. निवृत्तीच्या वेळी चौकात फलक लागला होता, 'वादळातही खांब न सोडणारा वीर'. त्यात खोटं काही नव्हतं. खांब त्यांनी कधी सोडला नव्हता, फक्त तो खालून धरला होता.

पठारावर जायच्या दिवशी धोंडिरामांचा गुडघा दुखू लागला. आक्काताईंनी तेल चोळलं. मग त्यांना आठवलं की घरी कुणीतरी थांबायला हवं. आक्काताई म्हणाल्या, "मी काय मेलीया काय?" तेव्हा ते गाडीत बसले. वाटेत घाट लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पोरीला सांगितलं, झोप येतीय.

पठारावर वारा असा होता, की टोपी खिशात ठेवावी लागली. ढगात डोकं घातलेल्या त्या पांढऱ्या टॉवरकडे धोंडिरामांनी एकदाच पाहिलं. ही पोर एवढीशी असताना पाळण्यातून पडली होती, तर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

वीरधवल नावाचे तरुण साहेब पुढे आले. "काका! तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. एक विनंती आहे. आमची मुलं घाबरलीत. हा विश्वजित तर सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाहीये. पालकांना टॉवरमधल्या शिडीवरच्या पहिल्या फलाटापर्यंत जायची परवानगी असते. तुम्ही पुढे झालात, तर पोरांना धीर येईल."

सांगलीच्या विश्वजितनं धोंडिरामांकडे अशा डोळ्यांनी पाहिलं, की नाही म्हणणं पाप वाटावं.

"माझं बीपी जरा..." धोंडिराम म्हणाले.

"तपासूनच सोडतो आम्ही सगळ्यांना."

धोंडिरामांच्या जिवात जीव आला. एवढ्या भीतीनं बीपी छपराला लागलं असणार याची त्यांना खात्री होती. पण आक्काताई दोन वर्षं त्यांना अळणी जेवायला घालत होत्या, आणि त्या अळणीपणाचं फळ नेमकं त्या दिवशी आलं. तपासणारी नर्स कौतुकानं म्हणाली, "काका, एकदम विशीतल्या पोरासारखं आहे!"

आयुष्यात पहिल्यांदा धोंडिरामांना बायकोचा राग आला आणि तो काढायला ती जवळ नव्हती.

बेल्ट बांधला गेला. हेल्मेट बसवलं गेलं. टॉवर आतून पोकळ होता, आणि त्या पोकळीत एक लोखंडी शिडी सरळ वर अंधारात गेली होती. वीरधवल सरसर पहिल्या फलाटावर जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागं धोंडिराम, धोंडिरामांच्या मागं आम्रपाली. बाकीची मुलं खाली दारातून बघत होती.

धोंडिराम एक पायरी चढले. दुसरी चढले. तिसरीवर त्यांना दादासोची आठवण झाली. पाचवीवर त्यांचे हात शिडीला असे चिकटले, की ते आपले आहेत हे मनाला पटेना.

"शाब्बास काका!" वरून वीरधवल ओरडले. "बघा रे मुलांनो, मधे थांबून श्वास घेतात. अनुभवी माणूस घाई करत नाही!"

अनुभवी माणसाच्या तोंडाला कोरड पडली होती. वर जाता येत नव्हतं, खाली जाता येत नव्हतं, आणि शिडी थरथरत होती. वाऱ्यानं थरथरत असेल असं त्यांना आधी वाटलं. मग कळलं की त्यांच्याच गुडघ्यानं थरथरतेय. पण ते थरथरणं दोन ठिकाणांहून येत होतं.

"पप्पा," खालून अगदी बारीक आवाज आला. "मला न्हाई जमणार."

"काय झालं?"

"वर बघितलं आन हात सुटंना झालेत. तुमची पोर असून मी अशी भित्री कशी? तुमाला लाज आणली पप्पा मी."

धोंडिरामांनी डोळे गच्च मिटले. अजून गप्प बसता आलं असतं. गुडघ्याचं निमित्त होतं, चौकातल्या फलकाची पुण्याई होती. पण पोरीचा आवाज रडका झाला होता, आणि ते त्यांना त्या उंचीपेक्षाही सोसवेना.

"आमू," ते कुजबुजले, "मी कवाच खांबावर चढलो न्हाई."

खालची थरथर थांबली.

"आन वादळातला त्यो खांब?"

"दादासो."

"पूर आलता तवा?"

"दादासो."

"आन बाजारतळावर ठिणग्या उडाल्या, तवा?"

"त्यो पण दादासोच. ठिणग्या तेवढ्या मी बघितल्या. लय भ्यालो हुतो."

आम्रपाली हसायला लागली. आधी दबक्या आवाजात, मग टॉवर घुमेल एवढ्यानं. बाहेर विश्वजितला वाटलं, वर गेलं की माणूस वेडा होतो, आणि तो आणखी दोन पावलं मागं सरला.

"म्हंजी आपल्या घरात शूर कुणीच न्हाई! मग मी कशाला लाजू?" आम्रपाली डोळे पुसत म्हणाली. "उतरा पप्पा. मी तुमचा पाय धरून पायरीवर ठेवते."

एकेक पायरी करत धोंडिराम जमिनीला लागले. "गुडघा," ते सगळ्यांना म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. आम्रपालीनं वर तोंड करून एक श्वास घेतला आणि ती वीरधवलांच्या मागोमाग चढू लागली. धोंडिरामांना बघवेना. ते बाहेर जाऊन एका दगडावर बसले.

बऱ्याच वेळानं नर्सच्या हातातल्या वॉकीटॉकीतून वीरधवलांचा आवाज आला, "आम्रपाली वर पोचली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. धोंडिरामांनी घाम पुसला. अर्ध्या-पाऊण तासानं तोच आवाज पुन्हा आला, आणि या वेळी तो खालच्या पट्टीत होता. "पण ती उतरायला तयार नाही. शिडीकडे पाठ करून बसलीय. अर्धा तास झाला समजावतोय. दोरीनं उतरवायला पाहिजे असं दिसतंय."

दोरी म्हणजे शिष्यवृत्ती गेली. ट्रेनिंग गेलं, नोकरी गेली, आणि वर्षभर अभ्यास करून मिळवलेलं सगळं एका शिडीनं खाल्लं. उतरण्याबद्दल पोरीला काय सांगावं? जो माणूस कधी चढलाच नाही, त्याला उतरणं काय ठाऊक असणार? धोंडिरामांनी दादासोला फोन लावला.

"दादासो, गड्या, तू खांबावरनं खाली कसा यायचास रं?"

"आँ? हे काय आता इच्यारतोयस लेका?"

"सांग की! पोर वर अडाकलीया!"

"मला काय म्हाईत? तू खालनं वराडत ऱ्हायचास. डावा पाय, उजवा पाय, दमानं. आवाज यील तिकडं मी यायचो. एकदा तू लोकांशी भांडाय लागलास आन गप झालास, तर मी वरच थांबलो हुतो बग, तू परत वराडूस्तवर."

धोंडिरामांनी फोन खिशात टाकला आणि ते टॉवरच्या दारातून आत घुसले. शिडीचे दोन्ही खांब घट्ट धरून त्यांनी मान वर केली. वर नुसता अंधार होता. त्यांचा आवाज मात्र तीस वर्षांचा पक्का होता.

"आमूऽऽ! शिडीकडं तोंड कर! मी हाय हितं! शिडी धरलीया मी!"

शिडी टॉवरला पक्की जोडलेली होती, ती कुणी धरायची काहीच गरज नव्हती. पण हे कुणी बोललं नाही.

"आता डावा पाय! खाली बघू नगंस, खाली मी बघतोय! लागला पाय? आता उजवा! दमानं, दमानं!"

पोकळ लोखंडात तो आवाज असा घुमला, की बाहेरच्या पोरांनी कान झाकले. बराच वेळ काही झालं नाही. मग वरून, फार लांबून, बुटाचा एक आवाज आला. मग दुसरा. धोंडिराम दम न घेता ओरडत राहिले. दोनदा घसा बसला आणि दोनदा वरचे बूट थांबले. विश्वजितनं पाण्याची बाटली आणून दिली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. शेवटी अंधारातून पोरीचे पाय दिसले, मग कंबर, मग हेल्मेट. ती शेवटच्या पायरीवरून उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली. धोंडिरामांनी तरीही शिडी सोडली नव्हती.

वीरधवल मागून उतरले. "काका, मुलगी पास." मग ते जरा घुटमळले. "विश्वजितला पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी देतोय. आज तो काही चढणार नाही. तुम्ही परत याल का? वर नाही जायचं. नुसतं खाली उभं राहायचं."

धोंडिरामांचा आवाज पुरता गेला होता. त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

घरी आल्यावर त्यांनी आक्काताईंना सगळं सांगितलं. खांबाचं, दादासोचं, फलकाचं, सगळं. कुजबुजतच सांगावं लागलं. आक्काताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्टुलावर चढत न्हाई त्यो खांबावर चढतोय व्हय? मला लग्नापास्नं म्हाईत हुतं."

दोन दिवसांनी स्वयंपाकघरातला बल्ब गेला. आक्काताई स्टुलावर चढल्या. धोंडिरामांनी स्टूल धरलं, पण या वेळी तोंड मिटून. आता कुठल्या तोंडानं सूचना द्यायच्या?

आक्काताईंनी जुना बल्ब काढला. नवा हातात घेतला. आणि तशाच थांबल्या.

"काय झालं?" धोंडिरामांनी घाबरून विचारलं.

"वराडा की जरा," आक्काताई वरून म्हणाल्या. "पाय कापाय लागलेत माझं."