हकीकत आकड्यांच्या पागोट्यांची आणि उशिरा येणाऱ्या भाकिताची

श्री नदीमाय प्रसन्न असो, काठाची लेकरे काठावरच नांदोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहिले असे.

राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. नदी मात्र थोर, आणि पुराचे भाकीत वर्तविणारा सरकारी संगणक तिच्या काठी होता, आणि त्याजवर वेणूबाई पोतनीस नामे बाई नेमिली होती. संगणकाशी बोलावयाची दरबारी भाषा मोठी गोड, अर्धे सांगावे आणि त्याने पुरते उमजावे ऐशी. परंतु चाल गर्भारशी हत्तिणीची. डोंगरांतून पावसाचे आकडे येत, संगणक ते मांडीत बसे, आणि मग पाणी किती चढेल ते सांगे. भाकीत तंतोतंत खरे निघे. फक्त पाणी आधी येई आणि भाकीत मागाहून. दरबारी मंडळी भिंतीवरील ओल मोजून पाहत आणि म्हणत, "वाहवा, बोटाचाही फरक नाही!"

बाईंची मातोश्री खालच्या वाडीस ऐन काठावर राहत असे. तिने फोन केला, "वेणे, तुझं भाकीत लई खरं गं. कमरेएवढं म्हणालीस, कमरेएवढंच आलं. मी माळवदावर बसून वाचलं. शेरडू तेवढं गेलं."

"आई, तू इकडं माझ्याकडं ये."

"आणि म्हस कुणी बघायची? तुझ्या भाकितानं?"

औंदा धरण काठोकाठ, पाणी कमरेवर थांबणारे नव्हते, आणि म्हातारी गुडघ्यांनी अधू. मग बाईंनी निश्चय केला की मांडणीचे काम दरबारी भाषेकडून काढून सी नामे जुन्या कडक भाषेत लिहावे. ती भाषा यंत्राच्या कानाशी लागून बोले. वेग विजेचा, माया काडीची नाही. दरबारी भाषेत पाऊल चुकले तर चौघे सावरावयास धावत. सीमध्ये आकड्यांची रांग संपली तेथून एक पाऊल पुढे पडले तर सारा संगणक जागीच आडवा. दिवाणसाहेब बोलिले, "बाई, एकदा जरी संगणक आडवा होऊन दरबार अंधारला, तरी तुमची नेमणूक खलास समजा." बाईंनी मान लवविली, आणि जात्याशी बसावे तैशी बैठक मारली, आणि लिहिले, आणि खोडिले, आणि पुन्हा लिहिले, आणि मग लिहिलेले यंत्राच्या बोलीत घडविणाऱ्या कंपायलर नामे लोहाराकडे दिले, त्याने तावून ठोकून एकजीव मॉड्यूल, म्हणजे आकडे दळणारे जाते, घडविले, आणि ते दरबारी भाषेस ऐसे जोडिले की वरून गोड बोलावे आणि आतून विजेने दळावे. मग जुन्या पुराचे आकडे घालून परीक्षा पाहिली. भाकीत आले ते पूर्वीहूनही उशिरा.

दरबारात हशा पिकला. दादोबा शिरस्तेदार बोलिले, "बाईंनी वीज आणली खरी, पण बैलगाडीतून आणली!"

बाई हटल्या नाहीत. मॉड्यूलच्या वेशीवर उभ्या राहून वेळ कोठे जातो ते पाहू लागल्या. पाहतात तो काय! त्या राज्यात आकड्याने उघडे हिंडणे बेअदबी. आकडा थेंबाएवढा, पण त्यास पागोटे, अंगरखा, कोणत्या कुळीचा ते पुकारणारा भालदार, आणि त्यास किती जणांनी धरिले आहे ते मोजणारा चोपदार. वेशीशी येताच पोशाख उतरवावा, आकडा आत जाऊन पापणी लवते न लवते तो दळून निघावा, आणि बाहेर येताच पुन्हा पागोटे बांधावे. आणि ऐसे लाखो आकडे, आणि प्रत्येकाची वेगळी खेप. दळण क्षणाचे, बांधाबांध दिवसभराची. आणि ही एकेकाची खेप लिहिली कोणी? बाईंनीच. जाते नवे बसविले, आणि दाणे पालखीतून एकेक आणीत राहिल्या.

मग दरबारी जाऊन खुद्द सरकारांपुढे अर्ज केला की आकडे उघडेच एका नावेत बसवून एकाच खेपेत आत न्यावे.

"उघडे?" दादोबा गरजले. "सरकारच्या वेशीतून? उद्या म्हणाल, शिरस्तेदारानंही तसंच यावं!"

"तुम्ही नका येऊ, दादोबा. पण पूर आला तर त्यालाही पागोटं बांधूनच आत घ्याल का?"

सरकार हसिले, परंतु बोलिले, "बाई, मानाचे काय?"

"सरकार, दरबारात यायचा आकडा शेवटी एकच, पाणी किती चढेल तो. हवं तर त्याला सगळ्यांची पागोटी बांधा."

हे दादोबांस ऐसे मानवले की त्यांनी तेथेच जरीचे कापड मागविले. इतक्यात डोंगरांतून वर्दी आली की पाऊस कोसळतो आहे. बाईंनी तातडीने नाव बांधिली, आणि रांग जेथे संपते तेथे आडवा बांध घातला, आणि पुन्हा लोहाराकडून घडवून आणिले. दिवाणसाहेब बोलिले, "परीक्षा जाहली नाही." बाई बोलिल्या, "मग पावसाला थांबायला सांगा," आणि संगणकास आज्ञा दिली. दिवाणसाहेबांचा विडा तोंडात पडला नाही तो आकडा बाहेर. दादोबा पागोटे घेऊन धावले. बाई बोलिल्या, "तुम्ही बांधा निवांत, मी फोन करते."

"आई, म्हस सोड आणि माळ चढ. छपरावरनं पाणी जाणार आहे."

"आत्ता? पाणी अजून पायरीलाबी नाही गं!"

"म्हणूनच आत्ता."

म्हातारी काठी टेकीत निघाली, आणि ती निघाली हे पाहून वाडी निघाली. आणि मग पाणी आले. छपरांवर चढले, दारोदार फिरले, चुलीत डोकावले, पाळण्यात हात घालून पाहिले, आणि कोणी सापडेना तेव्हां आल्या वाटेने गेले.

सारांश, मनुष्य एकही दगावले नाही, सबब पूर किरकोळ ऐसे दरबारी ठरले. पागोटे सुरेख बांधिले म्हणून दादोबांस शाल जाहली. आणि वेणूबाईंस रजा मिळाली, ती त्यांनी आईच्या घरातील गाळ उपसण्यात घालविली. उपसता उपसता आईने पुसिले, "या खेपेला एवढ्या लवकर कसं गं कळलं?" बाई बोलिल्या, "आकड्यांची कापडं काढून घेतली, आई." म्हातारी फावडे टेकून बोलिली, "एवढ्या पावसात? गारठली असतील गं लेकरं."