सूचीतलं मानाचं पान

बुरुल्चाने नुकताच बांधून आलेला प्रबंध नाकाशी धरला, सरसाचा वास मनसोक्त घेतला, शेवटचं पान उघडलं आणि ती खुर्चीवर बसायच्या ऐवजी खुर्चीशेजारीच बसली.

संदर्भसूचीत पहिले अब्दिएव हवे होते. तिथे एसेनोव होते. अब्दिएव घसरून अगदी तळाला, अठ्ठाविसावे झाले होते.

"कालिपा-एजे, ही यादी कुणी हलवली?"

मोठ्या बाईला तिथे 'एजे' म्हणत आणि सरांना 'अगाय'; कालिपा तर तिची मावशी आणि कुरण-संशोधन संस्थेतली टंकलेखिका. तिने यंत्रावरची नजरही काढली नाही.

"मीच. अगं, युसुपोव अगाय तुझे मार्गदर्शक, सत्तरीचे. त्यांना तू सगळ्यात शेवटी टाकलंस? दाराशी, जोड्यांच्या शेजारी? आणि वर कोण, तर तो अब्दिएव! त्याला अजून धड मिशी नाही. तुझ्या आईने जेवणाच्या दस्तरखानावर असं बसवलं असतं का कुणाला?"

"एजे, तो वर्णानुक्रम होता! आपल्या वर्णमालेत ए आणि यु शेवटीच येतात, त्याला मी काय करू?"

"मग तुमच्या वर्णमालेला वळण नाही. मी वयाप्रमाणे बसवले. एकेकाचं वय विचारत फिरले, पाय दुखले माझे."

यादी हलली, पण मजकुरातले आकडे जिथल्या तिथे राहिले. कुरणातलं गवत मोजायची 'आजवरची सर्वांत भरवशाची पद्धत [१]' ही अब्दिएवांची होती. ती आता एसेनोवांची झाली. 'ही पद्धत कालबाह्य झाली आहे [२७]' हे एसेनोवांबद्दल होतं. ते ताश्कंदच्या एका निरुपद्रवी तरुणाच्या माथी गेलं. आणि एसेनोव हेच बाहेरचे परीक्षक! त्यांनी प्रबंध नामंजूर केला तर बुरुल्चाची संस्थेतली जागा जाणार होती.

खरं म्हणजे प्रबंधाचं रूप तपासायला रिम्मा लव्होव्ना होत्या. लाकडी पट्टीने त्या समास मोजत आणि केसभर कमी भरला की पान परत. पण यादी त्यांनी हस्तलिखितातच तपासली होती. टाइप झालेल्या पानांचे फक्त समास मोजले, आणि कालिपाचे समास पाहून त्या नेहमीप्रमाणे खूश झाल्या. प्रती सगळ्यांच्या घरी पोचल्यासुद्धा.

प्रबंध कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी शेवटी जाऊन स्वतःला शोधतात. युसुपोवांनी शोधलं आणि बुरुल्चाला बोलावून घेतलं.

"एसेनोव पहिला, मी दुसरा?"

"अगाय, ती चूकच आहे, मी सांगणारच होते..."

"चूकच! तो माझ्याहून लहान आहे!"

मौखिक परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. एसेनोव उठले.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "विशेषतः सूची. फार विचारपूर्वक केली आहे."

"साफ चुकीची आहे!" युसुपोव उभे राहिले. "मी मेंढीच्या वर्षातला. हा माकडाच्या! बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात मेंढी आधी येते."

"तुमच्या पासपोर्टवर काय आहे?" एसेनोवांनी विचारलं.

"पासपोर्ट लिहिणाऱ्या कारकुनाने माझ्या आईला विचारलं होतं का? आम्ही तेव्हा वर कुरणात होतो!"

"अध्यक्ष महाराज, मार्गदर्शकच स्वतःच्या विद्यार्थिनीचं काम पाडताहेत. मी या प्रबंधाच्या पाठीशी उभा आहे. शब्दन् शब्द!"

बुरुल्चाने दोनदा तोंड उघडलं. "मला एक कबूल करायचंय..."

"तू थांब गं," दोघे एकदम म्हणाले.

गवताबद्दल कुणी अक्षर विचारलं नाही. मतं पडली, सगळी बाजूने. युसुपोवांचंसुद्धा, रागावले तरी ते तिचे अगाय होते. मग मागच्या रांगेतून रिम्मा लव्होव्ना पट्टी हातात घेऊन पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ग्रंथालयात जाणाऱ्या प्रतीत यादी वर्णानुक्रमाने. वय घरी मोजा." दोघे म्हातारे पुन्हा तळाला गेले, दाराशी, एकमेकांना खेटून.

त्या संध्याकाळच्या जेवणात मेंढीचं डोकं, म्हणजे थोरल्या पाहुण्याचा मान, कुणापुढे ठेवायचं यावरून वाद होणार म्हणून कालिपाने दोन मेंढ्यांची डोकी शिजवली होती. एसेनोवांनी आपल्यापुढच्या डोक्याचा कान कापून, धाकट्याला देतात तसा, बुरुल्चाला दिला आणि ते हळूच म्हणाले, "खरा मी सत्ताविसावा ना? कालबाह्य?"

तिच्या हातातला कान तसाच राहिला. "अगाय, तुम्हाला माहीत होतं?"

"माझी पद्धत मला ओळखू येणार नाही? वहीभर आक्षेप लिहून आणले होते. पण सूची उघडली, तर कुणीतरी मला वर बसवलं होतं. तिथे बसल्यावर मटण कच्चं आहे असं म्हणता येतं का?" त्यांनी पेला उचलला. "आणि पद्धत जुनी आहेच गं. खा."

आता शहराचं नाव बदललं, यंत्रं गेली, कालिपा गेली, दोघे अगायही गेले. रिम्मा लव्होव्नांची पट्टी मात्र बुरुल्चाच्या टेबलाच्या खणात आहे. परवा तिची विद्यार्थिनी मीरिम प्रबंध घेऊन आली. बुरुल्चाने सवयीने शेवटचं पान उघडलं.

पहिलं नाव: शार्शेनोवा, बुरुल्चा.

"मीरिम, श कधीपासून पहिला यायला लागला?"

मीरिम लाजली. "संगणकाने खालीच टाकलं होतं, एजे. मलाच बरं वाटेना. वर घेतलं. आकडे बदललेत सगळे, काळजी नको."

"पण मी कशी पहिली? माझ्याआधी तर..."

ती यादीवरून बोट फिरवत खाली गेली. पुन्हा वर आली. तिच्याहून वयाने मोठं असं यादीत कुणी उरलंच नव्हतं.

मग तिने खणातून पट्टी काढली, उगाचच समास मोजला. बरोबर भरला.

"वर्णानुक्रमाने लाव," ती म्हणाली.

"आत्ताच करते, एजे."

"उद्या कर," बुरुल्चा म्हणाली आणि पान जवळ ओढून घेतलं. "आज बसू दे."