पडद्यावरच्या माउलीचं बक्षीस

कारभारी आबांनी टीव्ही घरात येऊ दिला, पण एका अटीवर. "त्या माउलीला बक्षीस भेटलं तर डबा राहील. न्हाई भेटलं तर सोमवारी भोकरदनला वापस!" तिथल्या दुकानदारानंही 'पसंत पडला तरच ठेवा' असं सांगून तो दिला होता. ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीचे ते दिवस, आणि दुकानदारही तसेच भले असत.

ही अट ओढवून घेतली होती आबांच्या लेकानं, वसंतानं. टीव्हीसाठी तो कधीपासून झुरत होता. आबांच्या मते मात्र सिनेमा हा रिकामटेकड्यांचा उद्योग. यंदा गावच्या, म्हणजे धावड्याच्या, जत्रेत वसंतानं त्यांना ओढत सिनेमाच्या तंबूत नेलं आणि घोटाळा झाला. सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं खाणारी पडद्यावरची आई बघून आबा उपरण्यात तोंड खुपसून रडले. हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. पुढं बांधावर भेटेल त्याला ते तिचंच दुःख सांगत सुटले.

वसंतानं संधी साधली. "आबा, टीव्हीवर शिनेमावाल्यांला बक्षिसं देतेत. यंदा हिलाच भेटतंय, बिलकुल पक्कं! पर आपल्याकडं टीव्ही कुठंय बघायला?"

वसंता काही सिनेमाचा जाणकार नव्हता. तंबूत येईल ते बघायचं आणि हीरोसारखा भांग पाडायचा, एवढाच त्याचा अभ्यास. पण धावड्यात जे नवं ते जगात नवं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा गावात ती कुणालाच नव्हती.

बक्षीस मिळणार म्हटल्यावर सत्कार नको? आबांनी टीव्हीपुढं तिची ओटी भरायला लुगडं, खण, नारळ आणून ताट सजवलं. हलगीवाल्यांना सांगितलं. तंबूवाला भिवा हसनाबादच्या जत्रेत होता, त्यालाही मानाचं बोलावणं गेलं. वसंताची बायको बेबीनंदा मात्र धास्तावली.

"आवं, दुसऱ्या कुणाला भेटलं म्हंजी?"

"दुसरी हायेच कोण? म्या समदे शिनेमे पाह्यलेत."

"समदे? तंबूत दोन तर आल्ते!"

रविवारी संध्याकाळी ओट्यावर टीव्ही मांडला आणि अंगणात मुंगी शिरायला जागा उरली नाही. आबांची बायको गोजरबाई दुपारपासून चुलीपुढं होती. एवढ्या गावाला कप कुठून पुरणार? प्यालेले कप विसळायचे आणि पुन्हा भरायचे. आत तिला फक्त टाळ्या ऐकू येत होत्या.

पडद्यावर एकेक बाई झगमगत वर चढायची.

"हीच का रं?" आबा विचारायचे.

"न्हाई, ही गाण्याची."

"मंग ही?"

"ही कपड्याची."

"कपड्याला बी देतेत?"

शेवटी नायिकेचं बक्षीस आलं. आबा उठून उभे राहिले. ते उठलेले दिसताच मागं बसलेल्या हलगीवाल्यांनी हलगी घुमवायला सुरुवात केली. पडद्यावर मात्र आखूड केसांची कुणी वेगळीच पोरगी आली आणि बक्षीस घेऊन उतरलीसुद्धा. मागून काही दिसत नसल्यानं हलगी बराच वेळ जोरात चालू राहिली.

"वसंता, ही कोण?"

कोपऱ्यात टीव्हीचं रिकामं खोकं होतं, त्याच्याकडं बघायचा वसंताला धीर होईना. "आबा, मुंबईवाल्यांनी बेइमानी केली!"

भिवानं कप खाली ठेवला. "बेइमानी कशाची? त्यो शिनेमा म्या माझ्या लग्नाच्या आधीपासून दाखवून राह्यलो. शहरात चालला की तालुक्याला येतो, तिथं घासला की मंग आमच्या तंबूत. ती बाई आता म्हातारीची कामं करती."

एवढ्या मोठ्या जगाच्या आपण किती मागं आहोत, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि जरा वाईटच वाटलं.

"मंग तव्हा तरी भेटलं व्हतं का तिला?" आबांनी विचारलं.

"काय म्हाईत बा. अशा बाईला कोण देतंय?"

तेवढ्यात गोजरबाई हात पुसत दारात आली. केसांवर राख, तोंड चुलीच्या धगीनं लाल. "आवं, कुणाला भेटलं?"

आबा तिच्याकडं बघत राहिले. ही जेवली का, हे त्यांना आठवेना. सकाळचं नाही आणि कालचंही नाही.

"तुला," ते म्हणाले. "सूनबाई, आण ते ताट. हिची ओटी भर."

"गंमत नका करू. च्या उतू जाईल तिकडं!"

"जाऊ दे."

बेबीनंदानं ओटी भरली. हलगी पुन्हा घुमली, आणि या वेळी बरोबर वेळेवर. गोजरबाई लाजेनं अर्धी झाली. मग लुगडं-नारळ मांडीवर घेऊन तिनं पहिल्या रांगेत बसकण मारली. "मंग आता बघू द्या की मला बी. दुपारपासून नुसता आवाज ऐकून राह्यले."

कार्यक्रम केव्हाच संपून बातम्या लागल्या होत्या. तिनं त्याच डोळे भरून बघितल्या. भोकरदनचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. वसंतानं टीव्हीचं खोकं गुपचूप मोडून चुलीजवळ सरपणात टाकलं.

उरलेल्या मंडळींचा चहा आबांना करावा लागला. आतून डब्यांची बरीच आदळआपट ऐकू आली.

"आगं, साखर कुठं ठिवती तू?"

गोजरबाईनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "जिथं तुमची आई ठिवायची, तिथंच."