साहेबांच्या पुस्तकातलं फूल

साहेबांच्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं, तेव्हा आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी नाक मुरडलं. नाक मुरडणं हे त्यांचं टपाल नोंदवण्याइतकंच नित्याचं काम होतं, आणि ते त्या जास्त मन लावून करत.

“विकतच्या वस्तूत जीव नसतो,” त्या म्हणाल्या. “मी स्वतःच्या हातानं करून देणार. क्रोशाचं फूल. पुस्तकात खूण म्हणून ठेवायला.”

“छान,” हिशेबनीस म्हणाले. त्यांनी ‘छान’ म्हटलं की समोरच्याला अपमान झाल्यासारखं वाटे. पण बाईंना अपमान कळायला वेळ लागत असे.

क्रोशाची सुई बाईंनी लग्नाआधी कधीतरी हातात धरली होती. तेवढ्या भांडवलावर त्या कामाला बसल्या. पहिलं फूल वाटीसारखं खोलगट झालं. दुसऱ्याच्या पाकळ्या अशा आखडल्या की खेकडा पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखा दिसू लागला. त्यानंतरची उसवण्यातच गेली. अखेर एक पिवळं फूल जमलं. त्याला साखळी टाक्यांचा लांब हिरवा देठ, देठाच्या टोकाला पान. पाकळ्या मात्र बोलणं टाकलेल्या जावांसारख्या, एकीचं तोंड दुसरीच्या दिशेला नाही.

“हे फूल आहे?” नवऱ्याने विचारलं.

“मग काय वाटतंय?”

“वाटत काही नाही. खात्री करून घेतली.”

वाढदिवसाच्या दिवशी साहेबांनी घड्याळ बघितलं, ‘अरे वा’ म्हटलं आणि मागच्या वर्षीच्या घड्याळाशेजारी ठेवून दिलं. मग बाईंनी डबी पुढे केली. उंदराला शेपटीने उचलावं तसं साहेबांनी फूल देठाला धरून वर उचललं.

“कोटाला लावायचं का?”

“नाही साहेब, पुस्तकात ठेवायचं. वाचता वाचता थांबलात की खूण राहते.”

“कुठल्या पुस्तकात?”

“सध्या जे वाचताय त्यात.”

साहेब सध्याच काय, शाळा सुटल्यापासून काही वाचत नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टपालाचे कागदसुद्धा ते न वाचताच सही करून देत आणि म्हणून तर कामं वेळेवर होत. पण ही गोष्ट चारचौघांत कोणी काढली नव्हती.

“आहे घरी. मोठं पुस्तक आहे,” साहेब म्हणाले, आणि घरी जाताना दुकानातलं सगळ्यात जाड पुस्तक विकत घेऊन गेले.

ते पुस्तक कार्यालयं सुधारण्याविषयी होतं. ते लिहिणाऱ्याने कार्यालयात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, हे पानापानावर दिसत होतं. साहेब ते रोज खोलीत घेऊन बसू लागले. जेवढं वाचून होई तिथे फूल ठेवत आणि तेवढं लगेच अमलात आणत.

पहिल्या प्रकरणानं खुर्च्या नेल्या. बसल्याने आळस वाढतो, असं त्यात होतं. दुसऱ्या प्रकरणानं टेबलं मोकळी केली. फायली कपाटात आणि कपाटात मावेनात म्हणून जिन्यात गेल्या. तिसऱ्या प्रकरणापासून रोज सकाळी शेजारच्याचा एक गुण मोठ्यानं सांगायचा होता. हिशेबनीस बाईंकडे बराच वेळ बघत राहिले.

“तुमचं अक्षर बरं आहे,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना आजारपणाची रजा घ्यावी लागली.

परत आल्यावर ते बाईंच्या टेबलाशी आले. “बाई, तुमच्या फुलाला फळं धरायला लागली.”

बाकीचे तर एवढंही बोलेनात. बाई दिसल्या की गप्पा थांबत. उभं राहून पोटऱ्या भरून आल्या तरी त्यांची विचारपूस करणारं कोणी उरलं नाही. अखेर साहेब जेवायला गेलेले बघून बाई त्यांच्या खोलीत शिरल्या आणि फूल काढून पर्समध्ये टाकलं. खूण गेली की वाचन थांबेल, असा साधा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. “खूण हरवली. कुठवर आलो होतो ते काही आठवत नाही,” ते म्हणाले. “तेव्हा पुन्हा पहिल्या प्रकरणापासून घेतो. त्यात खुर्च्यांचं काहीतरी होतं बहुतेक.”

नुकत्याच गुपचूप आत आणलेल्या दोन खुर्च्या पुन्हा बाहेर गेल्या.

“दिलंत ते दिलंत, वर काढून कशाला घेतलंत?” हिशेबनीस दात आवळून म्हणाले. “ठेवा परत. आणि ठेवायचंच आहे तर नीट जागा बघून ठेवा.”

बाईंना अपमान उशिरा कळे. ही सूचना मात्र लगेच कळली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पुस्तक उघडलं आणि फूल शेवटच्या पानाला लावून ठेवलं.

दुपारी साहेब बाहेर आले ते हातात फूल घेऊनच. त्यांचा चेहरा विजयी दिसत होता आणि थोडा गोंधळलेलाही.

“सापडली खूण. पुस्तकातच होती,” ते म्हणाले. “वाचून झालंय की सगळं. माझ्या लक्षातच आलं नाही.”

हिशेबनीसांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या गडबडीत कोणीतरी खुर्च्या आत आणल्या आणि साहेबांनी बघूनही काही म्हटलं नाही. बाई हुश्श करून बसल्या.

“कसं वाटलं साहेब पुस्तक?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी थोडा विचार केला. मग जाणत्या वाचकासारखे ओठ मुडपले.

“सुरुवात चांगली आहे,” ते म्हणाले. “शेवट मात्र लेखकानं जरा घाईत उरकलाय.”

“हो साहेब,” बाई म्हणाल्या. “मलाही तसंच वाटलं.”