टिटवीच्या तळ्यावरची परात

एका जंगलात हुतूतूचं भारी वेड होतं. कुठल्या जंगलात ते विचारायचं नाही. विचारलंत तर मी गोष्ट अर्धी टाकून चहा प्यायला जाईन.

तर बाळांनो, त्या जंगलात प्रत्येक गुरुकुलाचा एक संघ होता. गुरुकुलं शिकण्यासाठी असतात असं तुम्हाला वाटतं ना? वाटू द्या, लहान आहात अजून. दर हिवाळ्यात प्रत्येक संघ बारा सामने खेळायचा. त्यातले सहा जिंकले की त्याला एखाद्या पाणवठ्यावरून निरोप यायचा, “या, आमच्याकडे परात खेळायला.”

परात म्हणजे हंगामाचा शेवटचा एक सामना. हरलं तरी काही बिघडायचं नाही. जिंकलं की पाणवठ्यावरची मंडळी परातभर पिठलं करायची आणि जिंकलेल्या संघाच्या गुरुजींच्या डोक्यावर थोडं ओतायची. का? अरे का काय? रीत होती! उरलेलं पिठलं सगळे भाकरीशी खायचे आणि घरी जायचे.

असे चाळीस पाणवठे होते. सगळ्यात लांबचं होतं टिटवीचं तळं. तिथली परात दगडूआबा नावाचे एक म्हातारे कासव सांभाळायचे. पितळी परात, त्यांच्या आजोबांच्या वेळची. एरवी त्या तळ्याकडे काळं कुत्रं फिरकत नसे. परातीच्या दिवशी मात्र दोन गुरुकुलांच्या आत्या, मावश्या, कच्चीबच्ची, सगळी जत्रा लोटायची. आबा वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायचे.

आता दरबारात येऊ. सिंहमहाराजांचा क्रीडासचिव होता एक कोल्हा. तो आयुष्यात एकदाही हुतूतू खेळला नव्हता, म्हणून तर त्याला ते पद मिळालं होतं.

“महाराज,” कोल्हा म्हणाला, “चाळीस पाणवठे, चाळीस विजेते. हा काय पोरखेळ आहे?”

पोरांच्या खेळाला पोरखेळ म्हणणारा जंगलात तो पहिलाच. महाराजांना फार कौतुक वाटलं.

मग निघाली महापरात. राजवाड्याच्या मैदानावर, सगळ्यात चांगल्या चार संघांची. पाचव्याने भोकाड पसरलं, म्हणून आठ केले. नवव्याने पसरलं, म्हणून बारा केले. शेवटी चोवीस झाले आणि पंचविसावा रुसून बसला.

वर कोल्ह्याने उडी-पंधरवडा काढला. त्या पंधरा दिवसांत कुठल्याही खेळाडूने कुठल्याही गुरुकुलात उडी मारावी, खुशाल. आणि हे पंधरा दिवस कोणते? बरोब्बर परातींचे! योगायोग हो, दुसरं काय.

मग पाणवठ्यांवर कोण येणार? चांगल्या खेळाडूंचे गुडघे एकदम दुखायला लागले. गुरुजी मंडळीही उड्या मारू लागली. एके ठिकाणी तर गुरुजींची नुसती शिट्टी आली, संघ आलाच नाही. तेव्हा कोल्ह्याने फर्मान काढलं. ज्या पाणवठ्यावर दोन पुरे संघ उतरणार नाहीत, तिथली परात राजवाड्यात जमा होईल आणि तो पाणवठा यादीतून कायमचा बाद.

दोन वर्षांत एकोणचाळीस पराती जमा झाल्या. उरली फक्त दगडूआबांची.

आबांनी त्या वर्षी हरणांच्या गुरुकुलाला बोलावलं. हरणांनी दहा सामने जिंकले होते, पण महापरातीच्या यादीत ती पंचविसावी. त्यांच्या गुरुजींचा निरोप आला, “आमचा घोर अपमान झाला आहे. त्याच्या निषेधार्थ आम्ही तुमच्याकडे येणार नाही.”

“अपमान राजवाड्याने केला आणि निषेध आमचा?” टिटवी ओरडली. ही आबांची शेजारीण. तिला हळू बोलता यायचंच नाही.

आबांनी मग पाच सामने जिंकलेल्यांना विचारलं. चार जिंकलेल्यांना विचारलं. एकही न जिंकलेल्या आळशी अस्वलांनाही विचारलं. अस्वलं म्हणाली, “आमची एक पातळी आहे.”

आले ते फक्त साळिंदर. पहाटेच निघून, सात जण आणि सगळ्यात पुढे त्यांचे काटेगुरुजी. त्यांच्या गुरुकुलाला परातीचं बोलावणं जन्मात पहिल्यांदाच आलं होतं. सहा सामने जिंकले होते ना! कसे, ते मात्र गुरुजी सांगायला लाजत होते. झालं होतं असं, की सहा संघ काटे बघूनच परत गेले. उरलेल्या सहांनी त्यांना लांब काठीने शिवून बाद केलं, आणि पंच म्हणाले, चालतंय.

“आबा, समोरचा संघ कुठाय?” काटेगुरुजींनी विचारलं.

आबा मान आत ओढून बसले. तेवढ्यात दोन गाढवं घेऊन कोल्हा आला, परात न्यायला.

“एकच संघ दिसतोय,” तो म्हणाला. “चला, उचला रे!”

साळिंदरांची पोरं रडकुंडीला आली. ते बघून आबांची मान एकदम बाहेर आली.

“थांबा सचिवसाहेब. संघ गुरुकुलाचाच हवा असं तुमच्या फर्मानात लिहिलंय का?”

कोल्ह्याने फर्मान वाचलं. नव्हतं लिहिलेलं. त्याने ते स्वतःच लिहिलं होतं, तेव्हा घाईचंच काम.

“मग आम्ही आहोत,” आबा म्हणाले. “टिटवे, उतर मैदानात!”

टिटवी उतरली. दोन बेडूक आले, एक खेकडा आला, चिखलातून म्हातारी म्हैस उठली. बगळ्याने एका पायावर खेळायची परवानगी मागितली. आबा धरून झाले सात.

आणि काय सामना झाला म्हणून सांगू! टिटवीचा दम तुटेना, कारण तिचं तोंड मिटतच नव्हतं. म्हैस रेषेवर आडवी झाली ती उठेना. मग साळिंदरांचा सगळ्यात धाकटा चढाईला आला. खेकड्याने त्याचा पाय धरला आणि आबांनी त्याला वरून दाबलं. दोघांचीही पाठ टणक, काटे काय करणार?

धाकटा सुटायची धडपड करायची सोडून हसायलाच लागला. “गुरुजी! मला पकडलं! मला खरंच पकडलं!”

आजवर त्यांना कुणी हात लावला नव्हता हो. मग काय, प्रत्येकाला पकडून घ्यायची घाई झाली. काटेगुरुजी बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. आरडाओरडा ऐकून आसपासची सगळी पाखरं, ससे, माकडं धावत आली. साळिंदर एका गुणाने जिंकले. गुरुजींच्या डोक्यावर पिठलं ओतलं, तर ते काट्याकाट्यांत अडकलं आणि पोरांनी ते चाटूनपुसून खाल्लं.

कोल्हासुद्धा भारावला. त्याने आबांना कडकडून मिठी मारली.

“आबा, असा सामना मी उभ्या जन्मात पाहिला नाही! हे या कोपऱ्यात पडून राहता कामा नये. हे राजवाड्यात व्हायला हवं!”

आणि ज्या दोन गाढवांवरून परात जप्त होऊन जाणार होती, त्याच दोन गाढवांवरून ती वाजतगाजत गेली.

पुढच्या हिवाळ्यात राजवाड्यावर ‘घुबडछाप दंतमंजन टिटवीचं तळं परात’ झाली. दगडूआबा ती बघायला महिनाभर आधी निघाले आणि अगदी वेळेवर पोचले. दारावरच्या लांडग्याने पास मागितला.

“परात माझी आहे,” आबा म्हणाले.

“असं सगळेच म्हणतात,” लांडगा म्हणाला.

आबांनी कुंपणाच्या फटीतून पाहिलं. मैदानात हरणं होती. साळिंदर नव्हते, सहाच सामने जिंकणाऱ्यांना तिथे कोण विचारतो? दोन्हीकडचे चांगले खेळाडू गुडघ्याला पट्टी बांधून बसले होते. जिंकलेल्या गुरुजींच्या डोक्यावर परातीतून दंतमंजन ओतलं. ते शिंकत शिंकत दुसऱ्या गुरुकुलात निघून गेले.

तेवढ्यात कोल्ह्याने आबांना पाहिलं. “अरे, हे सगळं तुमच्यामुळेच!” असं म्हणून त्याने कुंपणावरूनच त्यांच्या पाठीवर शाल टाकली, वर एक नारळ ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

नारळ सांभाळत आबा महिनाभराने घरी पोचले. तळ्यावर बघतात तर सात साळिंदर आणि काटेगुरुजी थांबलेले.

“आबा, होतात कुठे?” धाकटा म्हणाला. “महिना झाला येऊन. पकडायला कुणीच नाही!”

आबांना एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की त्यांनी चटकन चारी बाजूंना पाहिलं.

“हळू बोल रे बाबा. सचिवसाहेबांना ऐकू जाईल.”

त्यांनी शालीच्या काठाने टिटवीची चोच बांधली. मग सगळे हळू आवाजात हुतूतू खेळले. साळिंदरच जिंकले. आबांनी नारळ फोडला, करवंटीत पिठलं घेतलं आणि काटेगुरुजींच्या डोक्यावर ओतलं.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी जीव ओतून खेळावं. मात्र आधी बघून घ्यावं, आसपास कुणी मोठा माणूस नाही ना. त्याला तुमचा खेळ आवडला, तर तो तुमचा सत्कार करील.