लेलेबाईंचा जानेवारीतला उन्हाळा

मे महिन्यात, भर दुपारी, स्वारगेटजवळच्या एका रसवंतीगृहात एक बाई लोकरीचे हातमोजे घालून उसाचा रस पीत बसल्या होत्या. शेजारी मोठी काळी छत्री टेकवून ठेवलेली. आजूबाजूची माणसं आपला रस विसरून त्यांच्याकडे बघत होती. मीही त्यातलीच. भोचकपणा मला जन्मजात आहे; मी त्याला कुतूहल म्हणते, एवढंच.

रसवाल्याला शेवटी राहवेना. "बाई, बरं नाही का?"

"बर्फाचा ग्लास बोटांना सोसत नाही."

"मग बिनबर्फाचा देऊ?"

"बिनबर्फाचा रस कोण पितं?" असं म्हणून त्यांनी ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही विचारायचंय का? मघापासून बघताय म्हणून म्हटलं."

मी ओशाळून तिथून निघाले. जूनमध्ये नव्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तर शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली त्याच बाई. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"अहो, रसवंतीवाल्या ना तुम्ही? या, बसा. आता विचारा."

तर या शुभदा लेले. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतात. वय एक्केचाळीस. पावसात, थंडीत, ढगाळ दिवशीसुद्धा छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, कारण जरा ऊन लागलं की दोन्ही गालांवर लाल चट्टे उठतात. गार वस्तू हातात धरली की बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. हे त्यांनी मला ओळख झाल्याच्या पहिल्याच दिवशी स्टीलच्या गार पेल्यावर प्रत्यक्ष करून दाखवलं. प्रयोग दाखवावा तसं. "निरीक्षण करा," त्या म्हणाल्या, "निष्कर्षाची घाई नको."

हे त्यांचं आवडतं वाक्य. शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते पाठ आहे. चाचणी परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणारा एक मुलगा पकडला गेला, तर तो म्हणाला, "बाई, मी कॉपी नव्हतो करत, निरीक्षण करत होतो." लेलेबाई इतक्या हसल्या की त्याला शिक्षा करायची राहून गेली.

त्यांना ल्युपस आहे. लग्नानंतर लवकरच झाला आणि तेव्हापासून मुक्कामालाच आहे. मला हा शब्द तेव्हा माहीत नव्हता. नववीतल्या मुलांनाही नव्हता, पण बाईंचे हातमोजे बघून त्यांनी विचारलं आणि बाईंनी धडा बाजूला ठेवून सांगितलं. मी शेजारच्या वर्गातून कान देऊन ऐकत होते.

"आपल्या शरीरात पोलीस असतात. बाहेरून चोर आला की पकडायचा, हे त्यांचं काम. माझे पोलीस जरा जास्तच उत्साही आहेत. चोर सापडला नाही की घरमालकालाच धरून चोपतात. कधी सांधे, कधी कातडी. एकदा मूत्रपिंडालाही हात घातला होता."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग तक्रार कुठे करायची?"

"तीच तर पंचाईत आहे. तक्रार लिहून घ्यायलाही तेच बसलेत."

पण माझं खरं कुतूहल चाळवलं ते जानेवारीत. पुण्यात हुडहुडी भरली होती. आम्ही सगळे स्वेटर घालून, पेल्यावर हात शेकत चहा पीत होतो आणि लेलेबाई डोक्यावर पंखा फुल्ल सोडून, वर पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या. खेळाचे पवारसर शहराच्या कडेच्या गावातले, आडदांड माणूस. ते मफलर आवळत म्हणाले, "बाई, पंखा जरा बंद करता का? हाडं गोठायला लागली हायेत."

"पवारसर, मला वाफा येतात हो."

"कसल्या वाफा?"

"पाळी गेली माझी. पन्नाशीला जायची ती एकोणचाळिशीलाच गेली. पुस्तकात तिला रजोनिवृत्ती म्हणतात. माझी स्वेच्छानिवृत्ती झाली. तीही मला न विचारता."

पवारसर कपात तोंड घालून बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

"लाजायचं काय त्यात?" लेलेबाई म्हणाल्या. "शरीर आहे, सरकारी गुपित नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर एक छोटा टेबलफॅन येऊन बसला होता. पवारसर दाराकडे बघत म्हणाले, "घरी नुसता पडून हुता." छताचा पंखा बंद झाला, टेबलफॅनचं तोंड लेलेबाईंकडे वळलं, आणि आम्ही उरलेला जानेवारी सुखात काढला.

पुढे मला कळत गेलं की वाफा हा त्यातला सोपा भाग होता. शब्द ऐन वेळी हरवायचे. एकदा वर्गात त्यांना प्रकाशसंश्लेषण आठवेना. "ते रे, पानं करतात तो स्वयंपाक!" असं म्हणून त्यांनी तास निभावून नेला. सांधे दुखायचे, झोप उडायची, कधी उगाच रडू यायचं. आणि हे ल्युपसचं की पाळीचं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात," त्या म्हणायच्या. "आणि दोघांचे डॉक्टरही तेच करतात."

हे मला अतिशयोक्ती वाटलं. तशी माझी मुद्रा दिसली असावी, कारण त्या म्हणाल्या, "एवढं कुतूहल आहे, तर चला माझ्याबरोबर."

तोवर पुढचा डिसेंबर आला होता. त्यांच्या हाडांची तपासणी झाली होती आणि हाडं ठिसूळ निघाली होती. इतकी वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या आणि त्यात लवकर गेलेली पाळी. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "इतक्या लहान वयात पाळी गेली की हाडांसाठी, हृदयासाठी हार्मोन देणं चांगलं. पण ल्युपसमध्ये रक्ताच्या गुठळ्यांची भीती असते. तुम्ही तुमचा ल्युपस बघणाऱ्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारून या."

"ते म्हणाले, हा प्रश्न बायकांच्या डॉक्टरांचा आहे. मी दोनदा त्यांच्याकडे गेले, दोनदा तुमच्याकडे आले."

"हो, पण..."

लेलेबाईंनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. "डॉक्टर, लेले बोलतेय. समोर तुमच्या स्त्रीरोगवाल्या मॅडम बसल्यात. आता तुम्ही दोघं बोला. मी ऐकते."

पलीकडे जरा खाकरणं झालं. मग दोघं डॉक्टर इंग्रजीत बोलू लागले. लेलेबाई मध्येच म्हणाल्या, "मराठीत चालेल. हाडं माझी आहेत."

आणि गंमत म्हणजे, एकदा बोलायला लागल्यावर दोघांचं पटकन जमलं. ल्युपस बराच काळ शांत आहे, तेव्हा आधी गुठळ्यांचा कल आहे का ते रक्तात बघायचं. नसेल तर हार्मोनची गोळी नको, कातडीवर लावायचं जेल, तेही कमी मात्रेत, दोघांच्या देखरेखीखाली. हाडांसाठी वेगळं औषध, आणि रोज चालणं, अर्थात ऊन टाळून. लेलेबाई खुर्चीत मागे रेलल्या. एखाद्या वर्गातली दोन भांडकुदळ मुलं एका बाकावर बसवल्यावर असते तशी तृप्ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. त्यांनाही हे सगळं समजायला हवं."

लेलेबाई छत्रीचा पट्टा लावायला लागल्या. तो आधीच लावलेला होता. त्यांनी तो काढला आणि पुन्हा लावला. "ते कामात असतात," एवढंच बोलल्या.

ही बाई रिक्षावाल्याला स्वतःच्या मूत्रपिंडाचा इतिहास सांगते. मंडईत एकदा वाफ आली तेव्हा भाजीवालीकडून केळीचं पान मागून घेऊन तिथेच वारा घेत उभी राहिली आणि जमलेल्या बायकांना कारणही सांगितलं. आणि आता गप्प? रिक्षात बसल्यावर मी विचारलंच.

"ह्यांना माहीत नाही," त्या बाहेर बघत म्हणाल्या.

"काय माहीत नाही?"

"पाळी गेल्याचं. त्यांना वाटतं, सगळं ल्युपसचंच आहे."

"अहो, पवारसरांना माहीत आहे!"

"पवारसरांना सांगणं सोपं होतं."

मी पुढे काही विचारलं नाही, आणि हे माझ्याबाबतीत फार क्वचित घडतं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या यजमानांना, विनायकरावांना, मी पहिल्यांदाच भेटत होते. दार त्यांनी उघडलं. अंगात दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला कानटोपी. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि बैठकीच्या खोलीतला पंखा गरगर फिरत होता. हा सडपातळ माणूस परत जाऊन त्या पंख्याखाली पेपरचे कोपरे गुडघ्यानं दाबून बसला.

"पंखा बंद करू का?" मी विचारलं.

"छे छे. मला लहानपणापासून थंडीच आवडते," ते म्हणाले आणि शिंकले.

लेलेबाई चहा टाकायला आत गेल्या. विनायकरावांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून असावी.

"बाई, तुम्ही तिच्याबरोबर गेला होतात ना? डॉक्टर काय म्हणाल्या?"

मी चाचरले. "ते... त्याच सांगतील."

"मला माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "अहो, घरात आम्ही दोघंच. महिन्याचं सामान मी आणतो. त्यात तिची ती पाकिटंही मीच आणायचो. ती आणायला सांगेनाशी झाली. जुनं पाकीट कपाटात तसंच पडून आहे, शेजारी स्त्रीरोगवाल्या बाईंची फाईल. मला कळत नाही होय?"

"मग विचारलं का नाहीत?"

त्यांनी टोपी उलटसुलट केली. "डॉक्टर म्हणायचे, यंदा नको, आजार जरा शांत होऊ दे, मग मुलाचं बघू. दर वर्षी असंच. आम्ही थांबलो. आता आजार शांत झाला, तर हे. तिला ते तोंडानं सांगायला लावायचं म्हणजे..." त्यांनी टोपीची घडी घातली. "तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल, असं म्हणून मी थांबलोय."

"त्यापण थांबल्यात," मी म्हटलं. "दोघंही थांबलात तर बोलणार कोण?"

लेलेबाई ट्रे घेऊन आल्या. "काय खुसफुस चाललीय?"

विनायकरावांनी तिळगुळाची वडी उचलली, परत ठेवली. "पुढच्या वेळी डॉक्टरकडे मी येतो म्हणत होतो. स्त्रीरोगवाल्या बाईंकडे."

लेलेबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नकारार्थी मान हलवली, मी काही बोलले नव्हते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि प्रथमच, स्वतःहून, पंखा बंद केला. मी अर्धा चहा तसाच टाकून, कुणाकडे तरी जायचंय असं काहीतरी सांगून निघाले.

नंतरचे काही दिवस लेलेबाई रजेवर होत्या. परत आल्या त्या दिवशी आम्हा दोघींनाच मोकळा तास होता. रक्ताचा अहवाल चांगला आला होता. जेल सुरू झालं होतं. विनायकरावांनी डॉक्टरीणबाईंना इतके प्रश्न विचारले म्हणे, की बाहेरच्या बायका कुरकुरायला लागल्या.

"मी सांगितलं त्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर लगेच."

मी वह्या तपासणं थांबवलं.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी, आजारबिजार काही नव्हता तेव्हा, ह्यांनी मुलीचं नाव ठरवलं होतं. मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी उच्चारलं नाही, पण ते होतं घरात. इतकी वर्षं होतं. मी पाळीचं सांगितलं असतं, तर त्यांना ते टाकून द्यावं लागलं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून आपलं सगळं ल्युपसवर ढकललं."

"मग ते काय म्हणाले?"

"आधी नुसते उठले. मग आत जाऊन चहा करून आणला. फार वाईट चहा करतात." त्या किंचित हसल्या. "आम्ही तो प्यायलो. मग म्हणाले, नाव राहू दे आपल्याकडे."

घंटा झाली. लेलेबाईंनी खडू आणि पुस्तक उचललं आणि दारापर्यंत गेल्या. तिथून परत फिरल्या, माझ्या खुर्चीशी आल्या आणि वाकून, हलकेच, ते नाव माझ्या कानात सांगितलं.

"छान आहे ना?"

"फार छान आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि त्या नववीच्या वर्गावर गेल्या.