काशिराम मास्तरांची बत्तीशी

"तोंड उघड," काशिराम मास्तर म्हणाले.

नऊ वर्षांच्या गणूने आ केला. जीभ लालभडक होती.

"गोळा खाल्लास."

"नाय आबा. करवंदं खाल्ली."

"करवंदानं जीभ काळी पडते, लाल होत नाही. काळूरामच्या गाडीवर गेला होतास आणि बर्फ दातांनी कडाकडा फोडलास. जा, मिठाच्या पाण्यानं चुळा भर. वीस!"

मे महिना लागला आणि पनवेलच्या त्या घरातलं हसणंच बंद झालं. इतर घरांतली पोरं कैऱ्या पाडत होती, चिंचा चोखत होती, तलावावर डुंबत होती. या घरातली दोन पोरं सकाळ-संध्याकाळ ओटीवर ओळीत उभी राहून आजोबांना तोंड उघडून दाखवत होती. चिंचेवर बंदी, गुळावर बंदी. ऊस सुरीने तुकडे करूनच खायचा. झाडावर चढायचं नाही, कारण पडलं तर समोरचा दात जायचा. गोटीच्या सोड्याची बाटली दातात धरली तर उपाशी ठेवीन, असंही सांगून झालं होतं. ती बाटली दातात धरतं कोण, हे विचारायची सोय नव्हती.

आता मास्तर काही जन्मजात खाष्ट नव्हते हो. चौतीस वर्षं शाळेत गळा फाडला आणि मग तीन वर्षांपूर्वी एका एकतीस मार्चला घरी येऊन बसले. त्यानंतर त्यांचं ऐकायला कोणी उरलं नाही. मुलगा जगन भाताच्या गिरणीतून दमून यायचा, जेवायचा आणि घोरायचा. सून भामा प्रत्येक गोष्टीला "व्हय मामंजी" म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. बायको, गंगाबाई, पाच वर्षांपूर्वी गेली. ती गेली त्या वर्षापासून मास्तरांचा एकेक दात हलायला लागला आणि बघता बघता उपरण्याआड सगळं तोंड रिकामं झालं. मास्तर मुंबईला बहिणीकडे दोन महिने राहिले आणि तोंडभर दात घेऊन परतले. कवळीची गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. गाव म्हणालं, मास्तरांना मुंबईची हवा मानवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एप्रिलमध्ये वाचनालयाचे चिटणीस कमळाकर घरी आले आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"मास्तर, साठी उलटली तरी बत्तीशी शाबूत! धन्य आहे बुवा! आमच्याकडे मेमध्ये मुलांसाठी व्याख्यान ठेवतोय. 'उन्हाळा आणि मुलांचे दात.' याच्यावर बोलायचा अधिकार पनवेलात फक्त तुमचा."

खरं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं होतं. पण तीन वर्षांत त्यांना 'बोला' म्हणणारा हा पहिलाच माणूस होता, त्यामुळे तोंडातून "बरं" एवढंच बाहेर पडलं. मग त्यांनी महिनाभर बसून दहा पानांचं भाषण लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, "बाळांनो, माझ्या दातांकडे पाहा." हे वाक्य लिहिल्यापासून मास्तरांना झोप धड येत नव्हती, आणि त्याचा राग गणूच्या जिभेवर निघत होता.

गणूच्या सहा वर्षांच्या बहिणीचे, शांतीचे, समोरचे दोन दात त्याच महिन्यात पडले. दुधाचेच होते, पडायचेच होते. भामाने रीतीप्रमाणे ते तिच्याच हातून कौलावर फेकायला लावले. "टाक वर. मंग नवा येतो बग." पंधरा दिवसांत खरंच पांढरं टोक दिसायला लागलं. शांतीचा त्या कौलांवर भलता विश्वास बसला.

आणि एका दुपारी तिने ते पाहिलं. मास्तर कानतुटक्या कपात कवळी ठेवून आडवे होत होते.

"आबा! तुमचं सगलं पडलं?"

"पडलं," मास्तर म्हणाले. खोटं कुणाकुणाला सांगणार? "पण कुणाला बोलायचं नाही. गळ्याची शपथ."

शांतीने गळ्याला चिमटा घेतला. पोर शपथेची पक्की होती.

शनिवारी दुपारी मास्तर झोपून उठले तर कपात नुसतं पाणी. व्याख्यान रविवारी संध्याकाळी.

भामाने मांजराला झोडपलं. जगनने तांदळाची कणगी हलवून पाहिली. मास्तर उपरण्याने तोंड झाकून, हातात काठी घेऊन परसातला उकिरडा उपसू लागले. आता माणूस भर उन्हात उकिरडा उपसतोय म्हटल्यावर शेजारीपाजारी गप्प बसतील?

"काय हरवलं वो मास्तर?" कुंपणावरून सखूबाईने विचारलं.

मास्तरांना बोलता येईना. भामा पुढे झाली. "चावी हरवलीय! कपाटाची."

झालं. अर्धी आळी चावी शोधायला आत आली. दिवेलागणीपर्यंत तीन चाव्या सापडल्या, नथीतला एक मोती सापडला, आणि सखूबाईची गेल्या वर्षी हरवलेली पळी सापडली. त्या पळीवरून सखूबाई आणि भामा यांचं जे वाजलं ते वेगळंच. कवळी काही सापडली नाही. मास्तर न जेवता निजले. मऊ भात होता, तरी ताटाला हात लावला नाही.

रविवारी उजाडताच कुणीतरी त्यांचा ओठ वर उचलला. शांती बोटाने हिरडी चाचपत होती.

"अजून नाय आलं," ती म्हणाली. "काल दुपारीच टाकलंय मी कौलावर. सगलं एकदम."

मास्तर उठून बसले. ओरडावं की रडावं हे त्यांना कळेना. पोरीने आपल्यासाठी केलं होतं, हेच तर वाईट होतं. कुणी वाईटपणाने केलं असतं तर निदान चार रट्टे तरी देता आले असते.

कौलं परतायला दरसाल बुधाजी यायचा, पण तो लग्नाला जासईला गेलेला. सोमवारी येणार होता. शेवटी जगन शिडी लावून चढला. भाताची पोती उचलणारा माणूस तो, कौलांना त्याचं वजन काय पेलणार? चौथ्या पावलाला त्याचा उजवा पाय कौलं फोडून थेट चुलीवर अवतरला.

"अवो, पाय वर घ्या!" भामा खालून किंचाळली. "आमटीत माती पडली सगली!"

"वर कसा घेऊ? अडकलाय!"

"काय दिसलं का पण?"

"आधी पाय सोडव, मंग बगतो!"

पाय सुटायला दीड तास लागला. जगन खरचटलेल्या पोटरीला हळद लावून घेत म्हणाला, "बाबा, ताप आला सांगा."

मास्तरांनाही ते पटलं. पण चार वाजता कमळाकर हार घेऊनच दारात. मास्तरांनी उपरण्यामागून जोरजोरात मान हलवली.

"घसा बसला? अहो, सभागृहात पाणी आहे, खडीसाखर आहे! बाया पोरं घेऊन तीनपासून बसल्यात. पायरीवरसुद्धा जागा नाही. तुम्ही नुसते चला."

पायरीवरसुद्धा जागा नाही! मास्तरांनी डोळे मिटले. चौतीस वर्षांत त्यांच्या वर्गात कधी इतकी पोरं आपणहून आली नव्हती. दहा पानं घेऊन ते निघाले. फासावर जाणारा तरी चालताना एवढा वाकत नसेल.

कमळाकरांनी ओळख करून दिली, बत्तीशीचं भरपूर कौतुक केलं आणि बसले. मास्तर उभे राहिले. उपरणं खाली घेतलं. पहिलं वाक्य म्हणायला गेले तर तोंडातून नुसती हवा सुटली. सुकलेल्या भोपळ्यासारखे ओठ आत गेले.

आधी एक पोर फिदकन हसलं. मग सगळं सभागृह. कमळाकरांचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यभराची अब्रू एका संध्याकाळी गेली, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

"हसू नका!" दुसऱ्या रांगेतून शांती ताडकन उभी राहिली. "आबांचं सगलं दात पडलेत! मी कौलावर टाकलेत!" मग आपण शपथ मोडली हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने मोठ्याने भोकाड पसरलं.

हसू थांबलं. पहिल्या रांगेतला एक फुगऱ्या गालांचा मुलगा, तोंडातली चिंचेची गोळी गालाआड सारत, हळूच म्हणाला, "मास्तर, सगळे पडतात? माझे पण?"

मास्तर भाषण विसरले. ते खाली वाकले, त्या मुलापुढे आ करून उभे राहिले आणि मान डोलावली. मुलगा आत बघत राहिला. शेजारची चौघं वाकून बघायला लागली. मग मागची उठून आली. फुगऱ्या गालांच्या पोराने चिंचेची गोळी काढून खिशात घातली आणि तो रडायला लागला.

सोमवारी सकाळी पनवेलमध्ये परसापरसांत पोरं राखुंडीने दात घासत होती. काळूरामची गाडी एसटी स्टँडवर बर्फ वितळवत उभी होती. "मास्तर, पोरांना काय दाखवलंत वो?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. मास्तर मान खाली घालून पुढे गेले. एका दारात एक आई लेकराला सांगत होती, "घास नीट. नायतर मास्तरासारखं तोंड होईल."

दुपारी बुधाजीने पन्हळीतून कवळी काढून दिली. अख्खी होती. मास्तरांनी ती चारदा धुतली आणि बसवली. तेवढ्यात कमळाकर आले.

"मास्तर, कमाल केलीत! जासईची माणसं आलीत, त्यांनाही पुढच्या रविवारी तुम्हीच हवेत."

"अवश्य येईन," मास्तर खणखणीत म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. "भाषण दहा पानांचं तयारच आहे."

कमळाकरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सापडली वाटतं? नाही, भाषण राहू द्या हो. तुम्ही फक्त ही घरी ठेवून या."

कमळाकर गेल्यावर मास्तर ओटीवर बसले, शांतीला समोर बसवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. शब्दन् शब्द स्वच्छ येत होता. दुसऱ्या पानावर शांतीने जांभई दिली.

"आबा," ती म्हणाली, "दात काढून सांगा ना. मंग कलतं."